पाच वॅटची अक्कल

इकडे ये. हातातला पान्हा ठेव खाली, त्याचं इथे काही काम नाही. गाडीच्या मागे उभा राहा आणि सांग, काय दिसतं?

निळं. काल धामणगाव रोडनं बाभुळगावात शिरताना मागून आलेल्या मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "गुरुजी, गणपतीची लाइटिंग काढायची राहिली का?" मी काय सांगू त्याला? माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोट्ट्यानं नंबर प्लेटवर निळा एलईडी बसवला म्हणून?

महिन्याभरात ही गाडी तुझ्याकडे तिसऱ्यांदा आली. पहिल्यांदा बल्ब बदललास. दुसऱ्यांदा बल्ब आणि होल्डर. आता हा निळा उजेड. दर वेळी उत्तर एकच, "सर, बल्ब उडाला होता, बदलवला." उडाला होता ना? मग त्या डब्यातला जुना बल्ब काढ. उजेडात धर. आतली तार तुटली आहे का? काच काळी पडली आहे का? काहीच नाही! चांगला धडधाकट बल्ब काढून फेकलास आणि वर त्याचे पैसे घेतलेस. बल्बाचे किती होतात ते सोड. न बघता बदललास, राग त्याचा आहे.

मीटर घे. "सर, होल्डरला बारा व्होल्ट येऊन राहिले," असं फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगत होतास. बल्ब काढून मोजलेस ना? रिकाम्या होल्डरवर बारा व्होल्ट कोणीही दाखवील. मीटर वीज खातोच किती? हा निळा काढ, साधा बल्ब बसव, पार्किंग लाइट चालू कर आणि आता मोज. किती? चार. मोठ्यानं बोल. राहिलेले आठ व्होल्ट वाटेत कुठे सांडले, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही?

आता एक सुटी वायर घे. एक टोक होल्डरच्या अर्थला लाव, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. लागला ना लख्ख? अर्ध्या मिनिटात कळलं की दोष अर्थमध्ये आहे. ही वायर पहिल्याच दिवशी तुझ्या गॅरेजात होती. डोकं मात्र बहुधा चहाच्या टपरीवर होतं.

डिकी हळूहळू वर-खाली कर. लुकलुकतो बघ. बिजागरीपाशी ते काळं रबर आहे, ते मागे सरकव. आतली काळी वायर बोटानं वाकव. वरून अगदी साजरी दिसते, पण कशी लिबलिबीत लागते! कातडं सोल. तांबं आहे का आत? हिरवी भुकटी आहे. विसेक वर्षं डिकी उघडली, मिटली. प्रत्येक वेळी वायर याच जागी वाकली. एकेक तार तुटत गेली, पाणी शिरलं, कळकलं. जुन्या गाडीत मागचा दिवा रुसला की आधी बिजागरी बघायची, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल?

आणि हे काय? फ्यूज बॉक्समध्ये लालच्या जागी पिवळा कोणी बसवला? "लाल सारखा उडत होता, सर." अरे, लाल 10 अँपिअरचा, पिवळा 20 चा. पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. मग 10 चा फ्यूज उडवतंय कोण? त्याच रबरात बघ, शेजारच्या लाल वायरीचं कातडं घासून गेलंय, पत्र्याला टेकतं. फ्यूज बोंब मारत होता आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास. उद्या फ्यूजआधी वायर तापली असती म्हणजे?

"एवढासा तर दिवा आहे," म्हणालास मघाशी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याच एवढ्याशा दिव्याची सोय आहे: उजेड पांढरा हवा, आणि मागचा नंबर 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे. आणि ती नवी प्लेट चमकते, असलं मला सांगू नकोस. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, म्हणून माझ्या गाडीलाही लागली. पण ती उजेड जिथून येतो तिकडेच परत फेकते. मागून हेडलाइट लावून येणाऱ्याला नंबर दिसेल. रस्त्याच्या कडेला बैलाचा कासरा धरून उभ्या असलेल्याला काय दिसणार? कापसाच्या दिवसांत या रस्त्यावर रात्री किती बंड्या असतात, तुला का मी सांगू? धडक देऊन गाडी पळाली आणि नंबर मिळाला नाही, तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कायद्यानं ठरावीक 2 लाख, गंभीर जखमीला 50 हजार. गाडी सापडली तर दावा न्यायाधिकरणात जातो, त्याची कमाई आणि वय बघून भरपाई ठरते. तेवढं सगळं त्या चार आकड्यांवर टांगलेलं असतं, आणि तू तिथे गणपतीची लाइटिंग करतोस.

ती काळी टेप ठेव. पीळ मारून टेप गुंडाळायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ. दोन्ही वायरींचा सडका तुकडा दोन्हीकडून काप, चांगलं लाल तांबं दिसेपर्यंत. बारीक तारांची मऊ वायर घे, थोडी सैल ठेव, डिकी पूर्ण उघडल्यावर ताण यायला नको. डाग बिजागरीपासून लांब दे. डाग दिलेली वायर ताठ होते आणि वाकली की तिथेच मोडते. वर स्लीव्ह चढव. मग लाल फ्यूज, मग साधा पांढरा बल्ब. आणि मग बल्ब पेटलेला असताना पुन्हा मोज.

मी खुर्ची टाकून इथेच बसतो. आणि त्या पोराला बोलाव, तुझ्या हाताखाली शिकतो तो. मघाशी त्या पांढऱ्या गाडीत तो पिवळा फ्यूज ठोकत होता.