नफ्यापूर्वीचा धर्म

नवी दिल्लीतील मंडी हाऊसच्या चौकाला येऊन मिळणाऱ्या कोपर्निकस मार्गावर दोन वास्तू आहेत. एक कामानी सभागृह. 1971 मध्ये उभारलेले हे सभागृह एका उद्योजक घराण्याच्या नावाने ओळखले जाते व तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य यांची उपासना चालते. दुसरी वास्तू फरीदकोट हाऊस. एके काळच्या संस्थानिकांच्या या निवासस्थानात आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते आणि ज्यांच्या उद्योगाने नदी, हवा वा भूमी दूषित झाली असेल त्यांना तेथे जाब द्यावा लागतो. या दोन वास्तूंचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि त्या पाहून धनासंबंधीचे दोन प्रश्न मनात उभे राहतात. मिळविलेल्या धनातून समाजाला काय दिले, हा एक. आणि ते धन मिळविताना समाजाचे काय घेतले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे मनुष्याला आवडते. दुसरा प्रश्न तो सहसा स्वतःला विचारीत नाही.

मोठ्या उद्योगांपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने ठरवून टाकले. 2013 च्या कंपनी कायद्यातील 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान 2 टक्के लोकहितार्थ खर्च करावे, असे त्या कलमाने सांगितले. साहजिकच लहान कारखानदार, भागीदारीत धंदा करणारा व्यापारी, घरामागच्या पत्र्याच्या छपरात चार यंत्रे चालविणारा गृहस्थ हे सारे या बंधनाच्या बाहेर राहिले. मग प्रश्न असा, की कायद्याने ज्याला मोकळे सोडले त्याला धर्मानेही मोकळे सोडले आहे काय?

याचे उत्तर शोधताना गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा विचार करावा लागतो. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य आणि कर्मापासून यज्ञ, अशी ही देवघेवीची साखळी आहे. जो या साखळीतून घेतो पण तिला परत काही देत नाही, त्याला भगवंतांनी चोर या कठोर शब्दाने संबोधिले आहे. तेथे चोराची संपत्ती किती असावी याची मर्यादा घातलेली नाही. कोपर्निकस मार्गाला ज्या खगोलवेत्त्याचे नाव आहे, त्याने 1543 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पृथ्वी ही विश्वाचे केंद्र नसून तीही इतर ग्रहांसारखी फिरते असे प्रतिपादन केले. आपल्या दुकानाभोवती सारे गाव फिरते असे मानणाऱ्या व्यापाऱ्यालाही तसेच समजून घ्यावे लागते. तोही त्या चक्रातील एक फिरणारा घटकच होय.

त्या चक्रात आणखी एक सूक्ष्म विचार आहे. गीतेने उपभोगण्यास योग्य म्हटले आहे ते यज्ञशिष्ट, म्हणजे सर्वांचे देऊन झाल्यावर मागे राहिलेले. कायद्याचे गणित नफा मोजून झाल्यावर सुरू होते. गीतेचे गणित नफा मोजण्यापूर्वी सुरू होते. सर्वांची देणी फिटल्यावर जे उरेल तोच खरा नफा. कामगाराची थकलेली मजुरी, मापात मारलेला ग्राहकाचा हिस्सा, ओढ्यात सोडलेल्या घाण पाण्याचा खर्च, ही देणी वजा न करता वहीत जी रक्कम नफा म्हणून लिहिली जाते, ती वस्तुतः दुसऱ्याची ठेव आहे. त्या रकमेतून दिलेले दान म्हणजे परक्याच्या धनावर मिळविलेले पुण्य. कायद्यानेही हा भेद काही अंशी ओळखला आहे. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे, जे काम अन्य कायद्याने मुळातच बंधनकारक आहे, ते कंपनीला या लोकहिताच्या खर्चात दाखविता येत नाही. देणे फेडणे हे दान नव्हे, हेच त्याचे तात्पर्य.

एक उदाहरण कल्पावे. एका गृहस्थाचा सूत रंगविण्याचा लहानसा कारखाना आहे. तो भाविक आहे. थंडीत घोंगड्या वाटतो, उत्सवात अन्नदान करतो. त्याच्या कारखान्याचे रंगीत पाणी मात्र मागच्या ओढ्यात जाते आणि खालच्या वाडीतील विहिरीला उतरते. यंदा त्याच्या हाती थोडी रक्कम शिल्लक आहे. देवळाच्या सभामंडपाची फरशी तिच्यातून होईल, किंवा पाणी शुद्ध करण्याची सोय होईल. दोन्ही होणार नाहीत. फरशीवर नाव कोरले जाईल. शुद्ध पाण्यावर कोणाचेच नाव कोरता येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या वा फळाच्या इच्छेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. परंतु येथे दानाची प्रत ठरविण्याचाही प्रश्न येत नाही; वाडीचे देणे आधी फेडलेच पाहिजे.

यावर त्या गृहस्थाचा आक्षेप असा: ‘मी एकट्याने हा खर्च केला तर माझे सूत महाग होईल, शेजारचा स्वस्त विकील आणि माझ्या वीस कामगारांच्या चुली विझतील. शिवाय मोठे घेणारे माझेच पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात.’ हा आक्षेप खोटा नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे अधिकात अधिक 45 दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले, ते या दुःखाची दखल घेऊनच. परंतु वरून झालेला अन्याय खाली ढकलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. अठराव्या अध्यायात सांगितले आहे की अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक उद्योगाबरोबर काही दोष असतोच, म्हणून स्वकर्म टाकू नये. या वचनाने कारखाना बंद न करण्याचा आधार मिळतो. धुराडे साफ न करण्याचा आधार मात्र मिळत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे प्रकरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. पालघर जिल्ह्यातील या वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मासेमारीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेने हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये न्यायाधिकरणाने तेथील कारखान्यांवर व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसविली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातील 20 व्या कलमात, जो दूषित करील त्याने भरावे, हे तत्त्व घातलेले आहे. परंतु भरपाई होईपर्यंत खाडीतील मासळीचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

सामायिक प्रक्रिया केंद्राची मूळ कल्पना मात्र त्या रंगारी गृहस्थाच्या आक्षेपाचे उत्तर आहे. एकट्या लहान कारखान्याला जे झेपत नाही ते पंचवीस जणांनी वर्गणी करून उभारावे. खर्च सर्वांवर सारखा पडला की शेजाऱ्याच्या स्वस्ताईचे भयही उरत नाही. परस्परांना वाढवीत श्रेय मिळवावे, हा तिसऱ्या अध्यायातील उपदेश येथे अक्षरशः लागू पडतो. मात्र अशी सोय उभारून भागत नाही; रात्री कोणी पाहत नसता आपली तोटी गुपचूप ओढ्याकडे न वळविणारा सभासदही तिला लागतो. त्या रात्रीच्या वर्तनाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. पण लहान उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीची खरी कसोटी तेथेच लागते.

तेव्हा लहान धंदेवाल्या गृहस्थाने क्रम ओळखावा. प्रथम कोणाचे नुकसान करू नये. मग मजुरी व देणी वेळेवर चुकती करावीत. त्यानंतर जे उरेल त्यातून, थोडे का होईना, दान करावे. असे दिलेले शंभर रुपये सर्वस्वी त्याचे स्वतःचे असतील. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने दोन शब्द लिहिण्याची चाल आहे: शुभ आणि लाभ. पूर्वजांनी त्यांत शुभाला आधी स्थान दिले. वही उघडताना तो क्रम गृहस्थाने रोज पाहावा आणि दिवसाचा हिशेब त्याच क्रमाने करावा.