निद्रितांची साक्ष

प्रश्नोपनिषदात सौर्यायणी गार्ग्य पिप्पलाद ऋषींना विचारतो की, पुरुषाच्या ठायी निद्रिस्त होते ते कोण आणि जागे राहते ते कोण. आणि ऋषी सांगतात की, सर्व इंद्रिये मनात लीन झाली तरी या देहरूपी नगरात प्राणांचे अग्नी जागेच असतात. हे उत्तर मोठे आश्वासक आहे. परंतु ज्या घरात चार-पाच वर्षांचे मूल तोंड उघडे टाकून घोरते, मध्येच निःशब्द होते आणि एकाएकी हिसक्याने श्वास ओढते, त्या घरात हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. कारण तेथे प्राण जागा असतो खरा, पण त्याची वाट अडलेली असते.

टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडिनॉइड वाढलेले असले म्हणजे निद्रेत घशाचे स्नायू सैल पडताच श्वासमार्ग मिटतो. छाती आणि पोट मात्र हालतच राहतात, किंबहुना परस्परविरुद्ध हालतात, त्यामुळे उरावर हात ठेवून पाहणाऱ्या मातेलाही श्वास चालू असल्याचा भास होतो. शिवाय हे अडथळे बहुधा स्वप्ननिद्रेत येतात, आणि ती निद्रा पहाटेकडे अधिक, जेव्हा सारे घरच झोपलेले असते. १९७६ साली स्टॅनफर्ड येथे गिल्मिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या निद्रेचे परीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे हा विकार शास्त्राच्या दप्तरी रीतसर दाखल झाला.

जागा झालेला मनुष्य आपण सुखाने झोपलो असे सांगतो, त्यावरून सुषुप्तीतही साक्षी असला पाहिजे, हे वेदान्त्यांचे अनुमान मला मान्य आहे; पण तो साक्षी श्वासांचा हिशेब ठेवीत नाही. मुलाची जबानी घेतली तर ते छान झोपलो असेच म्हणेल. त्याची फिर्याद दिवसा भलत्याच रूपाने रुजू होते: वर्गात लक्ष नाही, स्वभावात चिडचिड, अंगात अनावर चंचलता, रात्री ओले झालेले अंथरूण, आणि आपण त्या निरपराध जिवाला हट्टी किंवा मंद ठरवून शिक्षा फर्मावतो. ज्याला स्वतःची बाजू मांडताच येत नाही, त्याच्या वतीने साक्ष देण्याचा भार जागृतांवरच येतो.

मेंदूचे तरंग, नाकातील वायूचा प्रवाह, छातीचे श्रम आणि रक्तातील प्राणवायू रात्रभर नोंदणारी निद्रापरीक्षा ही अशीच साक्ष होय. प्रौढाच्या बाबतीत दहा सेकंदांचा खंड धरतात, मुलाच्या बाबतीत दोन श्वासांइतकाही पुरतो. आणि प्रौढाला तासाला पाचांपर्यंत जे क्षम्य, ते मुलाला एकाच्या पुढे गेले की विकार ठरते. प्राणाला असे तारांनी मोजणे कोणा श्रद्धाळूला उद्धटपणाचे वाटेल. पण उपनिषदाने ज्या गार्हपत्य अग्नीची उपमा योजली आहे, तो अखंड राखण्याची जबाबदारी परंपरेने गृहस्थावरच टाकली आहे; तेव्हा प्राण जागा आहे या विश्वासावर विसंबून आपण डोळे मिटावेत, असा त्या वचनाचा अर्थ मला तरी लागत नाही.

म्हणून आईवडिलांना विनंती आहे की, मूल आठवड्यातून तीन रात्री किंवा त्याहून अधिक घोरत असेल, तर गाढ झोप लागली आहे असे समजून समाधान मानू नये. पहाटे उठून पाहावे, जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे, आणि ते घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.