सरकारचा वकील कोणाचा?

कायद्याच्या ग्रंथांत माणसांची नावे टिकून राहतात. जबलपूरच्या वाट्याला मात्र एका हुद्द्याचे अमरत्व आले आहे. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्याचे नाव घेताना त्या खुर्चीवर तेव्हा कोण बसले होते, हे कोणी विचारीत नाही. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींची ओळख नावापेक्षा हुद्द्यानेच अधिक होते. तेव्हा या खटल्याने आम्हांस थोडे अस्वस्थ करावे, हे योग्यच होय.

हकीकत सर्वांस ठाऊक आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि ‘मिसा’खाली माणसे विनाचौकशी तुरुंगात पडू लागली. त्यांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याची वाटच बंद झाली आहे, सबब हे अर्ज ऐकता येत नाहीत, असे सरकारचे म्हणणे पडले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ते मानले नाही. देशातील एकूण नऊ उच्च न्यायालयांनी मानले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी ते मान्य केले. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते.

सुनावणीच्या ओघात खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही इलाज आहे काय? डे यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपल्या युक्तिवादाला धरून पाहता आणीबाणी असेतोवर इलाज नाही. याने न्यायमूर्तींच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का बसेल, आपल्याही बसतो, परंतु युक्तिवाद तेथेच नेतो.

पोलिसाच्या हातून अन्याय घडतो, हा प्रश्न जुना आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्या धक्का बसलेल्या सदसद्विवेकबुद्धीचा. डे यांस खलपुरुष ठरविणे सोपे आहे. पण त्यांनी निदान तो धक्का बोलून दाखविला. पुष्कळजण तोही गिळतात. मग प्रश्न उरतो तो असा की, ज्या निष्कर्षाने स्वतःचेच मन हादरते, तो सरकारच्या वतीने मांडण्याचा अधिकार कोणास असतो काय?

वकील हा अशिलाचा मुखत्यार, त्याने अशिलाची बाजू मांडावी, न्यायनिवाडा न्यायाधीश करील, असे यावर उत्तर दिले जाते. खाजगी वकिलाच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे आहे. आरोपी एकटा असतो, समोर अवघे राज्य उभे असते. त्याच्या बाजूने कोणीतरी एकांगी असणे हा समतोलाचाच भाग होय. परंतु सरकारी वकिलाचे अशील कोण? पोलीस ठाणे नव्हे, खाते नव्हे, त्या वेळचे मंत्रिमंडळही नव्हे. त्याचे अशील म्हणजे प्रजा. आणि पोलिसाच्या हातून मारला गेलेला माणूस त्या प्रजेपैकीच एक असतो. म्हणूनच खटला हरूनही सरकारी वकिलाचे अशील जिंकू शकते, आणि खटला जिंकूनही ते नागविले जाऊ शकते.

हा विचार दिल्लीपुरता नाही. तालुक्याच्या न्यायालयातही हाच प्रसंग लहान रूपाने येतो. पंचनाम्यावर नेहमीचेच पंच असतात, साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, कबुली देणाऱ्याच्या अंगावर वळ असतात. न्यायाधीशाच्या आधी हे सारे सरकारी वकिलाच्या दृष्टीस पडते. पण उद्याचे साक्षीदार आणावयाचे ते याच पोलिसांनी. त्यांस दुखवून चालेल कसे? या अवलंबनाची दखल न्यायालयांनी घेतली आहे. सरकारी वकील हा तपासयंत्रणेचा भाग नव्हे, आरोपीची कोठडी वाढवून मागताना त्याने स्वतःची बुद्धी चालविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या खटल्यात सांगितले. पुढच्याच वर्षी शहाणे यांच्या प्रकरणात महाराष्ट्रातील सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या अमलाखालून काढून त्यांचे स्वतंत्र खाते करावे, असा आदेश झाला. खाते वेगळे झाल्याने मनही वेगळे होतेच असे नाही. तथापि मन वेगळे ठेवू पाहणाऱ्यास पाय रोवावयास जागा मिळते.

अशा काटेकोरपणाने गुन्हेगार सुटतील आणि पोलिसांचा धीर खचेल, अशी शंका सज्जनही घेतात. ती अगदीच पोकळ नाही. परंतु बनावट पुराव्याने भलताच माणूस अडकतो, तेव्हा खरा गुन्हेगार त्याच क्षणी सुटलेला असतो. आणि कष्टाने खरा पुरावा गोळा करणाऱ्या पोलिसाची, मारहाणीने कबुली मिळविणाऱ्यापुढे किंमत ती काय राहते?

आम्ही मराठी माणसे अशा वेळी रामशास्त्र्यांचे नाव घेतो. १७७३ साली नारायणरावाचा जीव वाड्याच्या गारद्यांनीच घेतला, आणि शास्त्रीबोवांनी राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. ती कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण ती न्यायाधीशाची कथा आहे. सत्तेच्या पगारावर राहून, सत्तेच्याच वतीने उभे असताना ‘हे मी मांडणार नाही’ असे म्हणणाऱ्याची कथा आपल्यापाशी जवळजवळ नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांवर जो प्रसंग येतो, तो हाच.

खन्नांनी आपल्या मताची किंमत मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द केला. त्यातील प्रमुख निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. १९७६ च्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव होते. चूक दुरुस्त होण्यास एकेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात तुरुंगात काढलेले दिवस कोणास परत मिळाले नाहीत.

कोठडीचा कागद उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी मेजावर येईल. त्यावर सही करणारा हात हुद्द्याचा असेल. पण तो वाचणारे डोळे आपले स्वतःचे असतात, एवढे तेव्हा आठवावे.