मुलाच्या बोलण्याला जागा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांमध्ये शाळेच्या एकाच बाकावर फार वेगवेगळ्या घरांतली मुले बसतात. एखाद्याच्या आजोबांची जमीन एमआयडीसीत गेलेली असते. त्याच्या शेजारच्या मुलाचे वडील नांदेड-परभणीकडून किंवा बिहारमधून आलेले असतात, त्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातात आणि गावातल्याच कुणाच्या तरी चाळीत खोली भाड्याने घेऊन राहतात. वडिलांची नाईट शिफ्ट असली की दिवसा ते झोपलेले असतात. एकाच खोलीचे घर, म्हणून मुलांना सांगितले जाते, आवाज करू नका. यात आईबापांचा दोष नाही. रात्रभर मशीनवर उभे राहिलेल्या माणसाला झोप हवीच. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर जागेपणीचा त्याचा मोठा वेळ गप्प राहण्यात जातो. त्याच्याशी सवडीने बोलू शकेल असे दिवसभरातले मोठे माणूस बहुधा एकच असते, ते म्हणजे त्याचे सर किंवा मॅडम.

म्हणून शिक्षकाने मुलांशी कसे बोलावे, हा प्रश्न इथे शिष्टाचाराचा राहत नाही. मूल स्वतःला बोलण्यालायक समजते की नाही, हे या पट्ट्यात पुष्कळदा वर्गातच ठरते.

कायद्याने याची किमान पातळी आखून दिली आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. कलम 29 त्याहून पुढे जाते. मुलाला भीतीपासून मुक्त करावे आणि आपले म्हणणे मोकळेपणाने मांडायला त्याला मदत करावी, असे ते सांगते. पहिले कलम शिक्षकाने काय करू नये ते सांगते आणि दुसरे काय करावे ते. आपल्या शाळांनी पहिले बऱ्याच अंशी मनावर घेतले, छड्या गेल्या. दुसरे कलम अजून वर्गात पुरते उतरलेले नाही. छडी गेलेल्या वर्गातही मूल गप्पच असेल, तर अर्धेच काम झाले आहे.

हे दुसरे काम आपल्या परंपरेला नवे नाही. चाकणहून थोड्याच अंतरावर, याच खेड तालुक्यात, आळंदी आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानदेव हातापायांच्या हिंसेवर थांबत नाहीत, वाणीपर्यंत जातात. अहिंसक माणसाच्या बोलण्यात माया आधी पोचते आणि शब्द तिच्या मागून येतो, असा त्यांचा आशय आहे. ऐकणाऱ्याला कुठे लागेल का, कुणी दचकेल का, याची चिंता बोलण्याच्या आधी करायची असते. शिक्षकाच्या वाणीसाठी याहून नेमकी कसोटी मला ठाऊक नाही.

त्याच ग्रंथाच्या मुळाशी असलेली गीता पाहा. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन विचारतो की ज्ञान श्रेष्ठ म्हणता, मग मला कर्मात का ढकलता? उत्तर मिळते. तरी पाचव्याच्या आरंभी तो जवळजवळ तीच शंका पुन्हा काढतो. ‘मघाशीच सांगितले ना, लक्ष कुठे होते?’ असे श्रीकृष्ण म्हणत नाहीत. ते नव्या बाजूने पुन्हा सांगू लागतात. अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे ते कर, असा निर्णय शिष्यावर सोपवतात. शंका दुसऱ्यांदा विचारण्याची मुभा आणि शेवटी स्वतः ठरवण्याचा अधिकार, या दोन गोष्टी ज्या संवादात आहेत तो आपण शतकानुशतके आदर्श मानला. वर्गात मात्र दुसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलाला आपण सहज ‘बावळट’ म्हणून जातो.

आता अगदी व्यवहाराच्या गोष्टीकडे येऊ. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी किती थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणे ऐकून हे मोजले. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जाई किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकीत. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले, आणि ज्यांना मागे पडलेली म्हणत तीही मुले बोलू लागली. चाकणच्या वर्गात या तीन सेकंदांची किंमत आणखी मोठी आहे. घरी भोजपुरी बोलणारे मूल मराठी प्रश्न आधी समजून घेते, मनात उत्तर जुळवते, मग त्याला मराठी शब्द शोधते. एका सेकंदात ते अर्ध्या वाटेवरही पोचलेले नसते. त्याला उत्तर येत नव्हते असे आपण समजतो; खरे तर त्याला वेळ मिळालेला नसतो.

मूल बोलले, तरी पुढे काय होते हे पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यातून आलेली मुलगी सांगते, ‘आई डबा करायली.’ विदर्भातला मुलगा म्हणतो, ‘सर, मला समजून नाही राहिलं.’ शिक्षक आधी वाक्य दुरुस्त करतात, वर्ग हसतो आणि आईचा डबा किंवा न समजलेले गणित बाजूलाच राहते. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला, मग त्या तिथेच राहिल्या आणि त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलाच्या घरच्या बोलीचा मान राखून त्याला प्रमाण मराठीच्या वाचन-लेखनाकडे न्यावे, हा त्यांच्या कामाचा गाभा. प्रमाणभाषा शिकवू नये असे यातून निघत नाही. ती शिकवलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे दरवाजे तिने उघडतात. पण आधी मुलाचे म्हणणे ऐकावे आणि वाक्याची दुरुस्ती मागाहून, एकट्याला, जमल्यास आपल्याच बोलण्यातून करावी.

मुलाच्या घरची गोष्ट वर्गात बोलण्याजोगी मानली तर काय घडते, याचा पुरावा पुण्यातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ने छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आहे. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल तिने त्यात मांडले आणि धर्माला सरळ प्रश्न केले. तिच्या शिक्षकांनी तिला अक्षरे शिकवली, तशी आपल्या वस्तीचे दुःख लिहिण्याच्या योग्यतेचे आहे ही खात्रीही दिली असली पाहिजे. एरवी शाळकरी मुलगी असे लिहू धजत नाही.

चुकीबद्दल बोलणे ही शिक्षकाची खरी परीक्षा. याबाबत शेजारच्या कारखान्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वाहन उद्योगात जपानी कारखान्यांतून आलेली एक पद्धत सर्वत्र रुळली आहे. दोष निघाला की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. कोणी केले याआधी का झाले, हे शोधायचे, कारण दोषाचे मूळ बहुधा कामाच्या रीतीत असते. सुट्या भागासाठी एवढी चौकशी होते, आणि वहीतल्या चुकीच्या वजाबाकीला मात्र लाल फुलीवर निरोप मिळतो. ‘हे तू कसे केलेस, मला सांग बरं,’ एवढे विचारले तर कळते की मुलाला हातचा घेण्याची रीत समजलेलीच नव्हती. असे विचारताना शिक्षकाला आपल्या शिकवण्यातली फटही दिसते. सुटा भाग ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला टाकता येतो. मुलाच्या बाबतीत तो शब्द मनातही येऊ देता कामा नये.

कौतुकालाही विचार लागतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली आणि अवघड प्रश्न टाळू लागली. मेहनतीची दखल घेतली गेलेली मुले टिकून राहिली. आपल्याकडे मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी असतात. त्या पुष्कळदा ‘समाधानकारक’ किंवा ‘अधिक प्रयत्नांची गरज’ एवढ्यावर संपतात. त्याऐवजी ‘गोष्ट सांगताना आता मध्ये थांबत नाही’ असे लिहिले, तर मुलाला कळते की आपल्याला कुणीतरी नीट पाहिले आहे. अशी नोंद खुशामतीच्या दहा वाक्यांहून अधिक देते.

हे सारे सरकारी शाळेत घडू शकते, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 साली टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजींच्या या शाळेत ‘विषयमित्र’ पद्धत आहे. वेगवेगळ्या वयाची मुले एकमेकांना शिकवतात. शिकवायला निघालेल्या मुलाला बोलावेच लागते, समोरच्याला समजले का हे पाहावे लागते. शिक्षकाने आपल्या हातातले बोलणे मुलांमध्ये वाटून दिल्याचे हे फळ आहे.

शिक्षकांवरचा भार मी विसरलेलो नाही. वर्षाच्या मधेच येणारी आणि गावी निघून जाणारी मुले, दाटीचे वर्ग, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती यांतून शांत स्वर सांभाळणे कठीण आहे. शिवाय ज्यांच्याशी वरचे अधिकारी फक्त हुकमाच्या भाषेत बोलतात, त्यांच्याकडून वर्गात संवादाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. केंद्रप्रमुखांनी, अधिकाऱ्यांनी आणि पालकसभेत येणाऱ्या आपण सर्वांनी शिक्षकाशी तसेच बोलले पाहिजे, जसे त्याने मुलांशी बोलावे असे आपल्याला वाटते.

तरीही वर्गाचे दार लावल्यावर आत कोणता स्वर असावा, हे शिक्षकच ठरवतो. त्यासाठी निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. माझी शिक्षकांना विनंती एवढीच आहे: उद्या वर्गात सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाला एक प्रश्न विचारा, तीन सेकंद थांबा, आणि ते ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका.