अजून किती वेळ?

मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघतात. कोणी महाबळेश्वरला जातात, कोणी कोकणात, आणि पुष्कळजण गोव्याला. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हाही आपल्या भागातून गाड्या भरून माणसे गेली. वसई ते जुने गोवे हे अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे चार वाजता निघाले, तरी मुंबई-गोवा महामार्गाची कृपा धरून बारा-चौदा तास सहज जातात. मागच्या सीटवर तीन वर्षांचे एक आणि सहा वर्षांचे एक अशी दोन मुले असतील, तर हे तास कसे काढायचे याविषयी सल्ले देणारे घरोघरी भेटतात. डब्यात काय न्यावे, कुठे थांबावे, कपड्यांचे किती जोड वर ठेवावेत, हे सर्व आपल्या आयाबहिणींना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आम्हांला लिहायचे आहे ते या प्रवासातल्या एका नीतीच्या प्रश्नाविषयी. तो पनवेल यायच्या आतच मागच्या सीटवरून विचारला जातो : "डॅडी, अजून किती वेळ?"

याचे उत्तरही ठरलेले असते. "आलंच हं बाळा, पाच मिनिटं!" पेणला पाच मिनिटे, माणगावला पाच मिनिटे, महाडलाही पाच मिनिटेच. हे उत्तर देणारी माणसे एरवी खोटे बोलणारी नसतात. दुकानदाराने दहा रुपये जास्त दिले तर परत करणारी, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळणारी ही माणसे. मग मुलाला सांगितलेली ही पाच मिनिटे म्हणजे खोटे बोलणे आहे का? बहुतेकजण हसून 'नाही' म्हणतील. लहान मुलाला वेळ कुठे कळते? त्याला पाच मिनिटे सांगा, नाहीतर दहा तास सांगा, सारखेच. त्यात त्याची समजूत पटत असेल, तर बिघडले कुठे?

हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही, कारण त्यातले अर्धे खरे आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी लहान मुलांना वेळ कशी कळते याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९४६ साली त्यावर पुस्तक लिहिले. (हा विषय त्यांना १९२८ साली दावोस येथे खुद्द आइन्स्टाइन यांनी सुचवला होता.) ते टेबलावर दोन बाहुल्या एकाच वेळी सोडत आणि एकाच वेळी थांबवत, पण एक हळू चालवत आणि एक भराभर. लहान मुले सांगत, की जी लांब गेली तिला जास्त वेळ लागला. म्हणजे या वयात अंतर आणि वेळ यांची मुलाच्या मनात सरमिसळ असते. 'अजून नऊ तास' हे वाक्य त्याच्या दृष्टीने आवाजापलीकडे काही नाही.

पण यावरून सिद्ध होते ते एवढेच, की घड्याळाचे उत्तर मुलाच्या उपयोगाचे नाही. खोटे उत्तर निरुपद्रवी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. वेळ मोजता आली नाही, तरी मुलाला क्रम कळतो : आधी आंघोळ, मग जेवण, मग गोष्ट. आणि शब्द दिला की नाही, हे तर त्याला फारच लवकर कळते. पाच मिनिटे म्हणजे किती हे त्याला माहीत नसेल, पण सहा वेळा 'आलंच' म्हटल्यावरही काही आले नाही, हे त्याला पक्के माहीत असते. म्हणून तर ते सातव्यांदा विचारते, आणि आपल्याला वाटते की ते हट्टी आहे.

संत आगुस्तीन यांनी इसवी सन ३९५च्या सुमारास खोटेपणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. चांगल्या हेतूने बोललेले खोटेही त्यांना मान्य नव्हते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कडकपणाची टीका आजवर होत आली आहे. परंतु आरंभीच त्यांनी थट्टामस्करी बाजूला काढली. बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ती थट्टा असल्याचे कळते, म्हणून तिला खोटे म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हा फरक गाडीत फार उपयोगाचा वाटतो. चांदोबा आपल्या गाडीबरोबर धावतो आहे, पुढच्या ट्रकमध्ये हत्ती बसला आहे, असे सांगितले तर बाप आणि मूल दोघेही एकाच खेळात असतात. 'पाच मिनिटं' या खेळात मात्र एकच खेळाडू असतो. दुसऱ्याला तो खेळ आहे हे ठाऊकच नसते.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. असे उत्तर आपण कोणाला देतो? ज्याच्याकडे घड्याळ आहे, नकाशा आहे, ज्याला पडताळून पाहता येते, त्याच्याशी बोलताना माणूस शब्द तोलतो. गाडीत मागे बसलेल्या मुलाच्या हाती घड्याळही नाही आणि स्टिअरिंगही नाही. आपण किती दूर आलो हे त्याला फक्त एकाच ठिकाणाहून कळू शकते, ते म्हणजे आपल्या तोंडून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही असेच होते. इस्पितळात पडलेले आजोबा 'घरी कधी नेणार?' विचारतात, आणि त्यांना रोज 'उद्या' सांगितले जाते. ज्यांना पडताळून पाहता येत नाही, त्यांनाच खरे उत्तर सर्वांत कमी मिळते, हे विचित्र आहे. आमच्या मते हिशेब नेमका उलटा असायला हवा.

मग मुलाला सांगायचे तरी काय? कोकणच्या रस्त्याने याचे उत्तर तयार ठेवले आहे. निघण्यापूर्वी दोन्ही हातांची बोटे उघडून दहा नद्या सांगाव्यात. खारपाड्याला पाताळगंगा, कोलाडला कुंडलिका, महाड सोडले की सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना, कणकवलीला गड, बांद्याला तेरेखोल, आणि शेवटी पणजीची मांडवी. मध्ये आणखीही नद्या-ओढे लागतात, पण बोटे दहाच आहेत. पूल आला की एक बोट मिटायचे. 'अजून किती वेळ?' याला 'अजून सहा नद्या' हे उत्तर खरेही आहे आणि सहा वर्षांच्या मुलाला समजणारेही आहे. तीन वर्षांच्या मुलाला सहा कळणार नाहीत, पण मिटलेली बोटे दिसतील. जगबुडी हे नाव ऐकून तर मुले खूश होतात. जग खरेच बुडाले होते का, या चर्चेत खेडपासून परशुरामचा घाट येतो.

सावित्रीपाशी मात्र मोठी माणसे जरा गप्प होतात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तिथला जुना पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसे वाहून गेली. आजचा पूल त्यानंतर बांधलेला आहे. आपण का गप्प झालो, हे मुलांना जाणवते आणि ती विचारतात. इथे 'काही नाही' म्हणण्याची गरज नाही. 'इथे पूर आला होता, पूल पडला, माणसं गेली. मग नवा पूल बांधला,' एवढे पुरते. सर्व तपशील सांगणे म्हणजेच सत्य सांगणे, असे नाही. वयाला पेलेल तेवढे सांगून बाकीचे राखून ठेवता येते. राखून ठेवणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे.

प्रवासात मुलांना शांत ठेवण्याचे दुसरे मार्गही आहेत. मोबाइल हा त्यातला सर्वांत सोपा. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. माणगावच्या कोंडीत अर्धा तास कार्टून पाहिल्याने कोणाचे वाटोळे होत नाही. घाटात मात्र तो हातातून काढून घ्यावा. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय वळणांवर, अशी ओढाताण झाली की मळमळ सुरू होते, आणि दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक असतो. खिडकीबाहेर दूर पाहणारे मूल त्यापेक्षा बरे राहते.

पण एका मार्गाविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. मूल वाटेत झोपावे म्हणून निघण्यापूर्वी सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याची पद्धत काही घरांत आहे. कौतुकाने एकमेकींना सांगितलेही जाते : "एक चमचा दिला, थेट चिपळूणला उठला!" अशा अनेक औषधांत क्लोरफेनिरामीन असते, त्याने गुंगी येते. काही मुलांत याच्या उलट होऊन ती अधिक चिडचिडी होतात. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये दिला आहे. परंतु सरकारने काही म्हटले नसते, तरी प्रश्न उरलाच असता. औषध आजारी माणसासाठी असते. इथे मूल आजारी नाही, फक्त त्याचा आवाज आपल्याला नको आहे. आपल्या शांततेसाठी दुसऱ्याच्या शरीरात गुंगी घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? (गाडी लागते म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध ही निराळी गोष्ट.)

मुलाचा मान राखायचा म्हणजे ते म्हणेल तसे करायचे, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. बेल्ट नको, मम्मीच्या मांडीवर बसायचे आहे, म्हणून मूल कासावीस होऊन रडते. पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर बसलेले बाळ हे दृश्य आपल्याकडे मायेचे मानले जाते. पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी आदळली, तर तो आघात तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणी कोणत्याही आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, आणि समोरची एअरबॅग उघडली तर ती मुलावरच उघडते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या खास सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे. ही सीट महाग असते हे खरे. तरी आपल्याकडे बारशाला आणि पहिल्या वाढदिवसाला होणारा खर्च पाहता ती कोणाला परवडणारच नाही, असे आम्हांला वाटत नाही. मुलाला रडू द्यावे, त्याच्याशी बोलत राहावे, दर दोन तासांनी गाडी थांबवून त्याला धावू द्यावे, पण बेल्ट सोडू नये. खोटे बोलून रडणे थांबवणारा आणि मांडीवर घेऊन रडणे थांबवणारा, दोघांनाही त्या घटकेची शांतता हवी असते.

पूर्वीच्या प्रवासात हा भार एकट्या आईबापांवर नसे. संत लूक सांगतो, की बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, तेव्हा तो सोबतच्या नातलगांत आणि ओळखीच्यांत असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मुले तांड्याची होती. आजच्या गाडीत दोनच मोठी माणसे असतात आणि त्यातले एक गाडी चालवत असते. जागा असेल तर एखाद्या मावशीला किंवा आजीला बरोबर घ्यावे. पण मधल्या सीटवर बसवू नये, तिचेही गुडघे आहेत.

हा सगळा खटाटोप एका प्रवासापुरता असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. पण हेच मूल रोज सकाळी दारात उभे राहून विचारते, 'मम्मी, तू कधी येणार?' तिला चर्चगेटची लोकल गाठायची असते. 'आलेच हं पाच मिनिटांत' म्हणून ती सटकू शकते. किंवा 'तू जेवशील, झोपशील, उठशील, आजीबरोबर दिवा लावशील, मग मी येईन,' असे सांगून निघू शकते. रडे दोन्ही वेळा येईल, कदाचित दुसऱ्या वेळी जास्तच. फरक संध्याकाळी दिवा लावताना पडतो. एका घरात मूल दाराकडे पाहत असते, कारण आता कोण येणार हे त्याला ठाऊक असते.

गोव्याहून परतताना नद्या उलट्या क्रमाने येतात. या वेळी सांगावे लागत नाही. बांद्याच्या पुलावर मूलच तेरेखोल म्हणते, आणि खेड जवळ आले की जगबुडीची वाट पाहते. खारपाड्याला पाताळगंगा आली की मोठ्या नद्या संपतात. त्यापुढे ठाणे, आणि मग घोडबंदरचा रस्ता. तिथे रात्री नऊ वाजता ट्रकांच्या रांगेत गाडी उभी असताना मागून पुन्हा तोच प्रश्न येईल, आणि त्याचे एकच खरे उत्तर असेल : "माहीत नाही, बाळा. आम्हीही वाटच बघतोय."