संप मागे घेण्याचा अधिकार

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुरू केलेला संप आजवर कुणीही अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संप का झाला, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत कुठे चुकले, गिरण्यांच्या जमिनी कुणी गिळल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले. पण संप चालू ठेवायचा की थांबवायचा, हे कामगारांनी एकत्र बसून ठरवावे अशी जागाच का उरली नव्हती? मला तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

अशी जागा गिरणगावात एकेकाळी होती. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीडेक लाख कामगार बाहेर होते. त्या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांपैकी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. युनियनचे अध्यक्ष आळवे मात्र स्वतः गिरणीतले कामगार होते, आणि त्यांचे सहकारी कासलेही. संपानंतर गिरणीगणिक समित्या झाल्या. खात्यातल्या तक्रारी त्यांच्याकडे येत, वर्गणी त्या गोळा करत. नोकरी देणारा आणि काढून घेणारा जॉबर हाच तोवर गिरणीतला मालक होता. त्याला जाब विचारण्याचे बळ समित्यांनी आणले. त्यांचा कारभार ओबडधोबड होता. उठल्यासुटल्या काम बंद पडे, आणि १९२९ चा संप तर फसलाच. मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कट खटल्यात पुढारी पकडले गेले, त्यांत आळवे आणि कासलेही होते. पण आपल्या खात्यातल्या माणसाला आपण निवडतो आणि तो आपल्याला उत्तर देतो, ही सवय त्या समित्यांत रुजू लागली होती.

या सवयीवर खरा घाव घातला तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. एखाद्या भागातल्या उद्योगात २५ टक्के सभासद दाखवणारी युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरायची आणि ती करील तो करार सर्वांना बंधनकारक व्हायचा, तिचे सभासद नसलेल्यांनाही. मोजायच्या त्या वर्गणीच्या पावत्या. कामगाराचे मत कुणी विचारायचे नाही. राष्ट्रीय मिल मजदूर संघ अनेक दशके त्या जागेवर राहिला. नको असलेली युनियन मतदानाने हटवण्याची सोयच नसल्याने कामगारापुढे एकच वाट उरली, बाहेरचा ताकदवान माणूस शोधण्याची. ऑक्टोबर १९८१ मध्ये दिवाळीच्या बोनसवरून भडका उडाला, तेव्हा स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. सामंतांच्या घरी गेले ते यामुळेच. पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणी संपात जोरात होती, हे आज फार थोड्यांना आठवते.

सामंतांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण सगळा निर्णय एका माणसावर आला की त्या माणसाला माघार घेता येत नाही. घेतली तर तो फितूर ठरतो. लढाईत लोकशाही परवडत नाही, मालकाला आपले डावपेच कळतात, असे पुढारी नेहमी सांगतात. संप सुरू करताना ते कदाचित खरे असेल. माघारीच्या वेळी मात्र नेमके उलटे आहे. उधारी किती झाली, गावाकडून धान्य किती दिवस येईल, कोण चोरून कामावर जाऊ लागला, हे खात्यातल्या माणसाला पुढाऱ्याआधी कळते. त्याने मत देऊन घेतलेली माघार ही फितुरी नसते, आणि पुढच्या लढ्यासाठी युनियन शिल्लक राहते.

पण अशी लोकशाही युनियनमध्ये टिकते का? संघटना म्हटली की मूठभरांची सत्ता आलीच, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिकेल्स यांनी १९११ मध्ये मांडले. आपल्याकडे अनेकांना ते पटते, कारण पाहिलेले तसेच असते. पण लिपसेट, ट्रो आणि कोलमन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या छापखान्यांतल्या जुळाऱ्यांच्या युनियनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या युनियनमध्ये दोन पक्ष होते, निवडणुका चुरशीच्या होत, आणि पदावरचे लोक हरतही. म्हणजे मिकेल्सचा नियम अटळ नाही. तो मोडायला तोडीस तोड विरोधक लागतात, आणि विरोधक म्हणजे मालकाचा हस्तक, ही समजूत सोडावी लागते.

युनियनमधल्या लोकशाहीला नियम-कायद्यांची थोडी मदतही झाली आहे. रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये गुप्त मतदान झाले. लाखो कामगारांचे मत घेता येते हे त्यातून दिसले. २००१ च्या दुरुस्तीने ट्रेड युनियन कायद्यात पदाधिकाऱ्यांच्या निवडीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची झाली. युनियनच्या आत काय चालते ते मात्र सभासदांनीच पाहायचे असते.

तुम्ही कुठल्याही युनियनचे सभासद असाल, बँकेतल्या, एसटीतल्या, महापालिकेतल्या, तर पुढच्या सर्वसाधारण सभेला जा. वर्गणीचा हिशेब मागा. करारावर सही होण्याआधी त्याचा मसुदा सभासदांपुढे ठेवून गुप्त मतदान घ्यावे, असा ठराव मांडा. आणि हा ठराव मांडणाऱ्याला कुणी फुटीर म्हटले, तर त्याच्या बाजूने उभे राहा.