पंचेचाळीस आणि चोपन्न

दहावीच्या बीजगणितात ‘क्ष² − १५क्ष + ५४ = ०’ हे वर्गसमीकरण सोडवायला आलं आहे, असं समजा. घाईत एका मुलीनं ५४ चे ४५ उतरवले. मूळ गणिताचे अवयव चटकन पडतात. उत्तर ९ आणि ६. तिच्या गणिताचे अवयव काही केल्या पडेनात. मग तिनं सूत्र वापरलं, २२५ मधून १८० वजा केले आणि वर्गमुळासकट बिनचूक उत्तर काढलं. विचारलं होतं त्याहून अवघड गणित तिनं सोडवलं, पण आदर्श उत्तराशी तिची एकही ओळ जुळत नाही. तिला शून्य द्यायचं?

शून्य देणं अन्यायाचं आहे. पूर्ण गुणही देऊ नयेत, कारण आकडे नीट उतरवणं हाही गणिताचाच भाग आहे. पण एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, प्रत्येक पायरीला नव्हे.

केंब्रिजच्या ए-लेव्हल परीक्षेत पद्धतीचे गुण वेगळे आणि अचूकतेचे वेगळे. दिलेली माहिती वाचताना चूक झाली, पण गणिताचा हेतू आणि काठिण्य तेच राहिलं, तर अचूकतेच्या गुणांतला एक कापतात आणि पुढचं काम त्या चुकीच्या आकड्यांवरूनच तपासतात. स्वतःचंच अक्षर चुकीचं वाचलं तर मात्र ही सवलत नाही. काठिण्याची अट मला पटते, पण ती एका बाजूनंच लावावी. ‘१५क्ष’ हे पदच गळालं तर वर्गसमीकरण सोडवण्याची पद्धत कुठे दिसलीच नाही. तिथे गुण मागू नयेत. गणित अवघड झालं असेल, तर त्या मुलीला आणखी दंड कशासाठी?

एमएचटी-सीईटीत हा विचारच संपतो. गणिताच्या प्रश्नाला २ गुण किंवा शून्य. चिन्ह चुकलेला आणि काहीच न येणारा एकाच रांगेत. लाखो मुलांची परीक्षा यंत्रानं तपासायची तर ते टळत नाही, हे मान्य. म्हणूनच जिथे माणूस लाल पेन घेऊन बसतो, तिथे त्यानं माणसासारखं तपासावं.

गणकयंत्र वापरता येणार नाही, हे दहावीच्या बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. त्याच सूचनांमध्ये प्रश्न चुकीचा उतरवल्यास किती गुण कापले जातील, हेही मंडळानं छापावं. आणि परीक्षकांना विनंती: उत्तर चुकलेलं दिसलं की फुली मारण्याआधी मुलानं उतरवलेला प्रश्न एकदा वाचा.